इंग्रजी वाचता येते, म्हणजे काय येते?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या वक्त्यांत वयाने मी सर्वांत लहान आहे. समोर बसलेल्यांपैकी काहींनी मला वर्गात शिकविले आहे, तर काहींच्या मुलांना मी आज शिकवितो. अशा सभेत उपदेश करणे मला शोभणार नाही. म्हणून मी एक कबुली देणार आहे आणि त्या कबुलीतून जे शिकलो ते आपणापुढे ठेवणार आहे. विषय तसा लहान आहे : माध्यमिक शाळेतील मुलांना इंग्रजी वाचून समजावे, यासाठी काय करता येईल? परंतु हा लहान विषय आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत कसा येऊन पोहोचतो, ते पाहा.

एक कागद आणि दोन शब्द

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सायंकाळी एक गृहस्थ आपल्या धाकट्या मुलाला घेऊन माझ्या घरी आले. मुलगा माझाच विद्यार्थी, नुकताच दहावी झालेला. इंग्रजीत गुणही चांगले मिळालेले. गृहस्थांच्या हातात टाइप केलेला दोन पानांचा कागद होता. थोरला मुलगा आखातात नोकरीला गेला होता, त्याच्या कराराची ती प्रत. थोरल्याचे तेथे जमेना, तो परत येतो म्हणत होता. परतीच्या तिकिटाचे काय, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

मी म्हटले, "चाचा, हा आहे ना घरात. याला वाचायला सांगायचं."

ते म्हणाले, "वाचलं ना सर त्यानं. घडाघडा वाचलं. पण लिहिलंय काय, ते काही सांगेना."

मी कागद मुलाच्या हाती दिला. त्याने तो खरोखरच घडाघडा वाचला. उच्चार बरे होते, कोठे अडखळला नाही. तिकिटाच्या कलमापाशी मी त्याला थांबविले. दोन वर्षे पुरी होण्यापूर्वी नोकरी सोडल्यास परतीचे भाडे 'शॅल बी बॉर्न बाय द एम्प्लॉयी' असे तेथे लिहिले होते. मी विचारले, "याचा अर्थ काय?" तो जरा विचार करून म्हणाला, "सर, बॉर्न म्हणजे जन्मलेला." मी विचारले, "आणि एम्प्लॉयी म्हणजे कोण?" तो म्हणाला, "कंपनी."

जन्मलेला या अर्थाच्या 'बॉर्न'मध्ये चार अक्षरे आहेत. भार सोसणे या अर्थाच्या 'बॉर्न'च्या शेवटी 'ई' हे एक अक्षर अधिक असते. 'एम्प्लॉयर' म्हणजे नोकरी देणारा आणि 'एम्प्लॉयी' म्हणजे नोकरी करणारा. येथेही फरक शेवटच्या एका अक्षराचाच. पण तिकिटाचे पैसे कोणी भरायचे, ते त्या एका अक्षरावर ठरत होते. मी वडिलांना अर्थ सांगितला. ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. सही तर केव्हाच होऊन गेली होती.

ते गेल्यावर माझ्या मनात आले, या मुलाला इंग्रजी मी शिकविले आहे. त्याच्या गुणांबद्दल शिक्षक-खोलीत मी स्वतःचे कौतुकही करून घेतले आहे. दोष मुलाचा नव्हता. मी त्याला जे शिकविले, ते त्याला आले होते. जे शिकविलेच नाही, ते येणार कोठून?

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सन १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील व्यवस्थेत, दहावी न झालेला माणूस काही ठराविक देशांत नोकरीला जाऊ लागला, तर साधारणपणे त्याला आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ती लागत नाही. म्हणजे दहावी झालेला माणूस आपले कागद आपण पाहू शकतो, असे जणू गृहीतच धरले आहे. हे गृहीत खरे करून दाखविण्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांवर येते, आणि काही अंशी तुम्हां पालकांवरही.

मी काय शिकवीत होतो?

माझी पद्धत आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाची असेल. मी धडा मोठ्याने वाचीत असे. मग एकेका ओळीचा अर्थ सांगत असे. कठीण शब्द फळ्यावर लिहून देत असे. शेवटी प्रश्नोत्तरे उतरवून देत असे. मुले ती पाठ करीत. परीक्षेत न पाहिलेला उतारा आला, तर प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधायचे आणि ती ओळ उतरवून काढायची, ही युक्तीही मीच दिलेली.

ही युक्ती किती फसवी आहे, ते पाहा. मी एक वाक्य बोलतो : "लिंबट्या सकाळी फडूर खळपून टोमाडीला गेला." आता सांगा, लिंबट्या कोठे गेला? टोमाडीला. काय करून गेला? फडूर खळपून. केव्हा गेला? सकाळी. विद्यार्थी मित्रांनो, तिन्ही उत्तरे बरोबर, पूर्ण गुण! पण लिंबट्या म्हणजे कोण, फडूर म्हणजे काय आणि ते खळपतात कसे, हे तुम्हांला ठाऊक नाही. मलाही नाही, कारण ते शब्द मी आताच रचले. आपली कितीतरी मुले इंग्रजीत अशीच टोमाडीला जाऊन येत असतात, आणि गुणपत्रक घेऊन घरी परततात.

आपल्या घरांतून मुले लहानपणी कुरआन शरीफ नाजिरा शिकतात. ती इबादत आहे. तिचा दर्जा वेगळा आणि तिचा सवाब वेगळा. पण नुसते उच्चारून वाचण्याची ती सवय मूल इंग्रजी पुस्तकाकडेही घेऊन येते, आणि अक्षरे आवाजात उतरली म्हणजे वाचन पुरे झाले, असे त्याला वाटते. करारपत्र, औषधाची चिठ्ठी, प्रवेशाचा अर्ज यांना नाजिरा वाचून काय उपयोग? तेथे अर्थ हाती लागला तरच वाचले असे म्हणता येईल.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे, तीही सांगितली पाहिजे. घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी. अरबी-उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी-हिंदी डावीकडून उजवीकडे. त्यात इंग्रजीची मोठी लिपी, लहान लिपी आणि जसे लिहिले तसे न वाचणारे स्पेलिंग. इतक्या लिप्या आमचे मूल दहा-बारा वर्षांच्या वयात सांभाळते. ते मंद मुळीच नाही. उलट त्याच्या मेहनतीचे आपण चीज करीत नाही, असे म्हणावे लागेल. सन २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. म्हणजे आजचा दहावीचा विद्यार्थी दहा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडतो. दहा वर्षांनी त्याच्या पदरात काय पडते?

हा प्रश्न जुनाच आहे

हा प्रश्न विचारणारे पूर्वीही होऊन गेले. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ त्या वेळच्या बंगाल प्रांतात, ढाका येथे काम करीत होते. बंगालमधील द्वैभाषिक शिक्षणावरील त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक, असे त्यांचे मत होते. त्यांनी एक मार्मिक कसोटी सांगितली. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तर जेवढे पैसे हाती येतात, त्याला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात; आपणांपैकी अनेकांनी विमा उतरविलेला आहे, तेव्हा हा शब्द समजावून सांगायला नको. वेस्ट यांचे म्हणणे असे, की शिक्षणालाही ही कसोटी लावावी. मूल मध्येच शाळा सोडून गेले, तर तोपर्यंत शिकलेल्यातले काय त्याच्या उपयोगी पडेल? थोडे बोलणे, थोडे लिहिणे, थोडे व्याकरण अर्धवट राहिले तर हाती फारसे काही येत नाही. वाचन मात्र जेवढे आले तेवढे कायमचे पदरात पडते, आणि पुढे एकट्यालाही वाढविता येते.

ही झाली वाचनाची महती. पण ते शिकवायचे कसे? याचे एक उत्तर आपल्याच देशात, दक्षिणेत शोधले गेले. एन. एस. प्रभू या अभ्यासकांनी १९७९ साली बंगलोर येथील प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या सहकार्याने एक प्रयोग सुरू केला. तो १९८४ पर्यंत चालला आणि 'बंगलोर प्रकल्प' या नावाने जगभर ओळखला गेला. दक्षिण भारतातील काही साध्या शाळांचे भरगच्च वर्ग त्यांनी निवडले होते. साधने म्हणजे फळा, खडू, कागद आणि पेन्सिल. प्रभूंचे सूत्र थोडक्यात असे : मुलाचे लक्ष अर्थावर खिळले असताना भाषा त्याच्या अंगवळणी पडते. म्हणून व्याकरणाचा नियम आधी सांगून त्याची वाक्ये घोटून घेण्याऐवजी, मुलाला एक काम द्यावे. ते काम इंग्रजी समजल्याशिवाय पुरे होणार नाही, असे असावे. वेळापत्रक, नकाशा, पगाराचा हिशोब, वस्तूंची किंमत अशी ती कामे.

प्रत्येक तासाचे दोन भाग असत. पहिल्या भागात शिक्षक संपूर्ण वर्गाबरोबर, प्रश्न विचारीत विचारीत, एक काम करून दाखवी. दुसऱ्या भागात तशाच प्रकारचे दुसरे काम प्रत्येक मुलाने आपापले करायचे. आणि काम फार सोपे नको, फार अवघडही नको. निदान अर्ध्या वर्गाला निदान अर्धे काम जमावे, असा त्यांचा अंदाज असे. पुढे १९८७ साली या अनुभवावर त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. बाहेरच्या अभ्यासकांनी या प्रयोगाची तपासणी केली. तिचे निष्कर्ष एकतर्फी नव्हते, परंतु एकंदरीत प्रयोगाला अनुकूल होते. म्हणजे ही काही जादूची कांडी नाही. पण आपल्याच मातीतल्या गर्दीच्या वर्गांत ही पद्धत पारखली गेली आहे, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे.

माझ्या वर्गातील अनुभव

त्या कागदाच्या प्रसंगानंतर मी हे करून पाहायचे ठरविले. पहिला प्रयत्न साफ फसला. मी उत्साहाच्या भरात इंग्रजी वर्तमानपत्रातील अर्धे पान नववीच्या वर्गाला दिले आणि दहा प्रश्न विचारले. जेमतेम पाच-सहा मुलांना काही लिहिता आले. बाकीची माझ्या तोंडाकडे पाहत बसली. चूक माझी होती. आधी करून दाखविण्याची पायरी मी गाळली होती आणि कामही झेपणारे नव्हते.

दुसऱ्या वेळी मी फळ्यावर तीन गाड्यांचे एक काल्पनिक वेळापत्रक इंग्रजीत लिहिले. पहिली गाडी पहाटे ५.४० ला सुटते, ९.५५ ला पोहोचते, 'डेली एक्सेप्ट ट्यूझडेज'. दुसरी ६.१० ला सुटते, १०.३५ ला पोहोचते, 'डेली'. तिसरी ४.१५ ला सुटते, ८.५० ला पोहोचते, तीही 'डेली'. आधी आम्ही सर्वांनी मिळून बुधवारच्या प्रवासाचा विचार केला. मग मी काम दिले : तुमच्या अम्मीला मंगळवारी अकरा वाजता शहरातील दवाखान्यात हजर राहायचे आहे. स्टेशनापासून दवाखाना चाळीस मिनिटांवर आहे. कोणत्या गाडीने न्याल?

बहुतेकांनी पहिली गाडी सांगितली. मी 'नाही' म्हटले नाही. एवढेच विचारले, "ती मंगळवारी आहे असे कोठे लिहिले आहे? बोट ठेवा." एक मुलगा फळ्यापाशी आला, बोट ठेवले आणि म्हणाला, "सर, एक्सेप्ट म्हणजे स्वीकारणे. गाडी मंगळवार स्वीकारते." वर्ग हसला. मग मागच्या बाकावरील एक मुलगी उठली. वर्गात ती सहसा बोलत नसे. ती म्हणाली, "सर, स्वीकारणे ते ए-वरून. हे ई-वरून आहे. म्हणजे मंगळवार सोडून." मग दुसरी गाडी? १०.३५ आणि चाळीस मिनिटे, म्हणजे सव्वाअकरा, उशीर होतो. उरली पहाटे सव्वाचारची. "म्हणजे अम्मीला तीन वाजता उठवायला लागणार!" असे कोणीतरी ओरडले, आणि सारा वर्ग त्या प्रवासाची चर्चा करू लागला.

मित्रहो, 'एक्सेप्ट' हा शब्द त्या वर्गाला मी पूर्वी दोनदा तरी लिहून दिला होता. तो दोन्ही वेळा विसरला गेला. त्या दिवशी तो अम्मीच्या प्रवासाशी जोडला गेला आणि तेथेच राहिला.

त्या तासापासून 'बोट ठेवा' हा आमच्या वर्गाचा नियमच झाला. उत्तर बरोबर असो वा चूक, ते कोठून आले त्या ओळीवर बोट ठेवायचे. अंदाजाने बोलणाऱ्याला त्यामुळे पुन्हा वाचावे लागते. बुजऱ्या मुलाला मात्र धीर येतो, कारण इंग्रजीत बोलण्याआधी त्याला नुसते बोट ठेवता येते.

आणखी एक काम सांगतो. जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, दोन पाकिटे मी वर्गात नेली. एकावर एक लिटर पाण्यात विरघळवा असे होते, दुसऱ्यावर २०० मिलिलिटर पाण्यात. प्रश्न असा : घरातील पेला २०० मिलिलिटरचा आहे. प्रत्येक पाकिटाला किती पेले पाणी घ्याल? तयार केलेले पाणी किती तासांनी फेकून द्याल? पहिल्याला पाच पेले, दुसऱ्याला एक. बरे, मोठे पाकीट कोणी एकाच पेल्यात कालविले तर? पाणी पाचपट तीव्र होईल आणि जुलाब झालेल्या लहान मुलाला ते बाधेल. वर्ग एकदम गंभीर झाला. दुसऱ्या दिवशी काही मुले घरातील औषधांची वेष्टने घेऊन आली. हे मी सांगितले नव्हते.

पाठ्यपुस्तकातील धडाही असाच हाताळता येतो. गोष्टीतील घटना उलटसुलट क्रमाने लिहून द्याव्यात आणि त्या नीट लावायला सांगावे. वर्णनाचा उतारा असेल तर त्यावरून नकाशा काढून घ्यावा. माहितीचा असेल तर तक्ता भरून घ्यावा. शिक्षकाने अर्थ सांगण्यापूर्वी मुलाने स्वतः, मनातल्या मनात, कशासाठी तरी वाचले पाहिजे.

आणि शेवटी मी तो कागदही वर्गात नेला. अर्थात तसाच्या तसा नव्हे. मी नोकरीची दोन काल्पनिक पत्रे तयार केली. एकात पगार १,५०० रियाल, पण राहणे-खाणे ज्याचे त्याने पाहायचे. दुसऱ्यात १,२०० रियाल, राहणे-खाणे मालकाकडून. राहण्या-खाण्याला महिना ५०० रियाल लागतात असे धरले, तर घरी अधिक पैसे कोण पाठवू शकेल? पहिल्याच्या हाती उरतात १,०००, दुसऱ्याच्या १,२००. मोठा आकडा पाहून भुललेली मुले हिशोब करून चकित झाली. 'प्रोव्हायडेड' हा शब्द एका ठिकाणी 'दिले जाईल' या अर्थाने येतो आणि दुसऱ्या ठिकाणी 'या अटीवर' अशा अर्थाने, हे त्यांनी आपणहून शोधले. 'एम्प्लॉयी' आणि 'एम्प्लॉयर' या शब्दांखाली वेगवेगळ्या रंगांच्या रेघा मारल्या. त्या वर्गातील मुले आता हे दोन शब्द विसरणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. चाचांच्या थोरल्या मुलाला त्याचा उपयोग नाही, ही बोच मात्र राहतेच.

काही शंका

पालक मला विचारतात, "सर, असे खेळ खेळत बसलात तर पोर्शन केव्हा पुरा होणार?" शंका रास्त आहे. या पद्धतीला वेळ लागतो. वर्गात गलबलाही होतो. मी आठवड्यातील दोनच तास यासाठी ठेवतो, बाकीचे तास नेहमीप्रमाणे घेतो. शिवाय आता शालान्त परीक्षेतील भाषेच्या प्रश्नपत्रिकेलाच 'कृतिपत्रिका' म्हणतात. तक्ता पूर्ण करा, क्रम लावा, माहितीवरून लिहा, अशी कामे तेथेही करावी लागतात. तेव्हा हा वेळ परीक्षेच्या दृष्टीनेही वाया जात नाही.

दुसरी शंका व्याकरणाची. व्याकरण मी सोडलेले नाही. काम झाल्यावर त्यात आलेले चार-दोन प्रयोग फळ्यावर घेऊन समजावितो. 'शॅल बी बॉर्न बाय' या कर्मणी प्रयोगात भाडे कोण भरतो, हे एकदा कळले म्हणजे 'बाय'नंतरचा शब्द किती मोलाचा, ते वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी शंका विद्यार्थ्यांची. "सर, आता मोबाईलच भाषांतर करून देतो, मग वाचायला शिकायचे कशाला?" मोबाईलचा उपयोग जरूर करा, मीही करतो. पण मोबाईलने शब्दांचे मराठी किंवा उर्दू करून दिले, तरी कोणते कलम आपल्याला लागू पडते, कोणती अट जाचक आहे, कोणती गोष्ट मुद्दाम लिहिलेलीच नाही, हे आपल्यालाच पाहावे लागते. आणि भाषांतर चुकले, तर ते चुकले हे ओळखायला तरी मूळ मजकूर थोडाफार कळायला हवा.

घरी काय करता येईल?

पुष्कळ माता-भगिनी म्हणतात, "आम्हांला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकविणार?" मला आपणांस सांगायचे आहे, की या कामाला पालकांना इंग्रजी येण्याची गरज नाही. मुलाला काम द्या आणि उत्तर मराठीत किंवा उर्दूत घ्या. दुकानातून आणलेल्या पुड्यावर माल केव्हापर्यंत वापरावा असे लिहिले आहे? औषधाची गोळी जेवणाआधी की जेवणानंतर? 'ट्वाइस अ डे फॉर फाइव्ह डेज' असेल, तर एकूण गोळ्या किती आणायच्या? बँकेतून आलेल्या संदेशात पैसे जमा झाले की वजा झाले? विजेच्या बिलाची शेवटची तारीख कोणती? मुलाने उत्तर दिले, की एवढेच विचारा : "कोठे लिहिले आहे? बोट ठेव." तो पुन्हा पाहील. चुकला असेल तर पुष्कळदा त्याची चूक त्यालाच सापडेल. अर्थात औषधाच्या बाबतीत शेवटचा शब्द डॉक्टरांचा किंवा औषध-विक्रेत्याचा. मुलाचे वाचन हा सराव समजावा.

हे काम मुलींनाही द्या. घरातील कागदपत्रे मुलग्याने पाहायची आणि मुलीने चहा करायचा, ही वाटणी आता सोडली पाहिजे. मंगळवारची गाडी माझ्या वर्गात कोणी ओळखली, ते आताच सांगितले.

आणि एक विनंती. मूल अडखळले तर त्याला हसू नका. "एवढी फी भरली, तरी येत नाही" असे चारचौघांत म्हणू नका. वाचताना अडणे म्हणजे ते विचार करीत असल्याची खूण असू शकते. घडाघडा वाचणाऱ्या त्या मुलाला मी कधी अडविलेच नाही, याचा मला आज खेद वाटतो.

विद्यार्थी मित्रांनो,

तुमच्यासाठी चार गोष्टी सांगतो. रोज पंधरा मिनिटे इंग्रजी मजकूर मनातल्या मनात वाचा, मोठ्याने नव्हे. वाचण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा, म्हणजे आपण काय शोधतो आहोत ते ठरेल. प्रत्येक अडलेल्या शब्दासाठी लगेच शब्दकोश उघडू नका; आधी मागची-पुढची ओळ वाचून अर्थाचा अंदाज बांधा, मग कोश पाहून तो ताडून घ्या. आणि 'नॉट', 'ओन्ली', 'अनलेस', 'एक्सेप्ट' असे लहान शब्द दिसले की थांबा. ज्यावर सही करायची आहे, तो कागद समजल्याशिवाय कधीही सही करू नका. समजत नसेल तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. शाळा सोडून दहा वर्षे झाली असली, तरी आमच्याकडे या. आम्ही तुमचे शिक्षक तेव्हाही असू.

माझे बोलणे संपवितो. आपल्या वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शाळा काढल्या, त्या आपली मुले कोणाच्या मिनतवारीवाचून जगात उभी राहावीत म्हणून. इंग्रजी घडाघडा उच्चारणारी पिढी आम्ही तयार केली आहे. आता कागदावरच्या नेमक्या ओळीवर बोट ठेवून "येथे असे लिहिले आहे" असे सांगणारी पिढी आपण मिळून तयार करू या. पुढच्या वेळी एखादे चाचा घरातील कागद घेऊन माझ्याकडे निघाले, तर त्यांच्या मुलीने किंवा मुलाने त्यांना दारातच थांबवावे आणि म्हणावे, "अब्बा, सरांकडे कशाला? बसा, मी सांगते."